ताळा: धनजचा कापूस आणि आयकर खात्याचा दुसरा कागद

जुलै महिना आला की आयटीतल्या मंडळींच्या तोंडी दोनच विषय असतात: पावसाळी ट्रेक आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न. पहिल्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, तेव्हा या विकांताला दुसरा विषय.

प्रश्न साधा आहे. आपण रिटर्नमध्ये एखादं उत्पन्न लिहायचं विसरलो, किंवा ‘विसरलो’, तर ते खात्याला कळतं कसं? कॅन्टीनमध्ये विचारलं तर उत्तर तयार असतं, "त्यांच्याकडे आता एआय आहे रे, सगळं कळतं." मी स्वतः बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकन्सिलिएशनचं काम करतो, म्हणजे दोन सिस्टीममधले आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघणं. त्यामुळे मला या उत्तराने समाधान होत नाही. यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याला जुळवायला दोन आकडे लागतात. एक तुम्ही दिलात. दुसरा कुठून आला? करचुकवेगिरी शोधण्याचा सगळा इतिहास हा या दुसऱ्या आकड्याच्या शोधाचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

आमचं मूळ गाव धनज, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हे सगळं अकोला जिल्ह्यात होतं. कापसाचा मुलूख. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग आयकराच्या गोष्टीत धनज कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण दुसरा कागद असला की काय होतं आणि नसला की काय होतं, हे दोन्ही याच मुलखात फार स्वच्छ दिसतं. म्हणून सुरुवात तिथून.

आधी शब्द बघा. गणिताचे मास्तर बेरीज झाली की "ताळा करून बघ" म्हणायचे. ताळमेळ, ताळेबंद ही सगळी त्याच घरातली मंडळी. आपण कोणाची ‘झाडाझडती’ घेतो, त्यातले झाडा आणि झडती हे दोन्ही शब्द जुन्या महसुली हिशेबाचे. झाडा म्हणजे गावच्या जमिनीचा, उत्पन्नाचा तपशीलवार तक्ता. झडती म्हणजे कारभाऱ्याने सरकारला द्यायचा हिशेब. पुढे त्याचा अर्थ खिसे तपासण्यापर्यंत आला. ज्या भाषेत हिशेबाच्या शब्दापासून झडतीचा शब्द तयार होतो, त्या भाषेतल्या लोकांना सरकारी हिशेबाचा अनुभव कसा आला असेल ते वेगळं सांगायला नको :)

जुन्या व्यवस्थेत गावात दोन माणसं असायची. पाटील वसूल करायचा आणि कुलकर्णी लिहायचा. वऱ्हाडात या लिहिणाऱ्याला पटवारी म्हणत. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या नावाने. सरकारचा कमावीसदार जो हिशेब पाठवायचा, तो या वतनदारांच्या कागदांशी लावून बघितला जायचा. वतनदार वंशपरंपरेचे आणि कमावीसदार बदलता, म्हणजे दोघांचे हितसंबंध वेगळे. पेशवाईत याच्यावर आणखी एक मजला चढला. मामलेदाराच्या हाताखाली फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असायचे आणि गंमत म्हणजे मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. साहेबाच्या हाताखालचा माणूस, पण नोकरी साहेबाच्या हातात नाही! बँकेत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण याला मेकर-चेकर म्हणतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, आणि दोघांचा लॉगिन एक असता कामा नये.

या व्यवस्थेची कमजोरीही आपल्या मेकर-चेकरसारखीच. दोघं एका ताटात जेवायला लागले की संपलं. कुंपणच शेत खातं ही म्हण काही हवेतून आलेली नाही. शिवाय हा ताळा सरकारच्या बाजूचा होता. सरकारचं किती बुडालं ते त्यातून कळायचं. रयतेकडून जास्त किती उकळलं, ते कळायची सोय फार थोडी.

वऱ्हाडात तर परिस्थिती आणखी अवघड होती. अठराव्या शतकात इथे दुअंमल होता, म्हणजे एकाच मुलखात निजामाचाही वसूल आणि नागपूरकर भोसल्यांचाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा हक्क गेला आणि वऱ्हाड निजामाकडे राहिलं. पण हैदराबादच्या तिजोरीला रोख पैशांची घाई. मग मक्ते सुरू झाले. वऱ्हाडचा मोठा भाग आधी पुरणमल नावाच्या हैदराबादच्या सावकाराकडे आणि मग पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीकडे गेला. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देणार आणि रयतेकडून काय वसूल करायचं ते त्याचं तो बघणार.

हिशेबाच्या दृष्टीने मक्ता ही चतुर गोष्ट आहे. कोणाचं उत्पन्न किती हे सरकारला शोधायची गरजच उरत नाही. शोधण्याचं काम लिलाव बोलणाऱ्यावर ढकललं जातं आणि त्याला जे जास्त सापडेल ते त्याचं. या चतुराईची किंमत कोण मोजतं, तेही उघड आहे. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. त्या वेळी हा मुलूख वर्षानुवर्षांच्या मक्तेदारीतून बाहेर पडत होता.

आता थोडं पुण्याकडे जाऊ, कारण वऱ्हाडात नंतर जी पद्धत आली ती तिकडच्या एका मोठ्या अपयशातून जन्मली.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला पुणे आणि नगर भागातली जमीनमहसुलाची आकारणी नव्याने करायची होती. हे काम आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. प्रिंगल इंग्लंडमध्ये माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेला. त्याची कल्पना कागदावर अगदी निर्दोष होती. प्रत्येक शेताचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे. म्हणजे आपल्याच भाषेत निव्वळ उत्पन्नावर कर. १८२० च्या दशकाच्या शेवटी हे काम चाललं.

ते साफ फसलं. का? तर शेताचं उत्पन्न आणि खर्च हे दोन्ही आकडे मुळात एकाच हातातून यायचे: गावात फिरणाऱ्या कनिष्ठ कारकुनांच्या. त्यांनी लिहिलं तेच खरं. पैसे देणाऱ्याच्या काळ्या जमिनीचं उत्पन्न घटलं आणि न देणाऱ्याच्या माळरानाचं वाढलं. गेल्या हंगामात या शेतात किती ज्वारी झाली, हे पुन्हा तपासायची सोयच नव्हती. ज्वारी तर खाऊन संपलेली. प्रिंगलचं गणित चुकलेलं नव्हतं, त्याच्याकडे ताळा करायला दुसरा आकडा नव्हता. परिणाम फार वाईट झाले. वसुलीसाठी छळ झाले, लोकांनी जमिनी टाकल्या, गावं ओस पडली.

१८३५ पासून इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी हे निस्तरायला घेतलं. यातला जॉर्ज विंगेट हा लष्करातला इंजिनिअर. (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) त्यांनी निव्वळ उत्पन्न शोधायचा नाद सोडला आणि प्रश्नच बदलला. ‘तू किती कमावलंस?’ असं न विचारता ‘तुझी माती कशी आहे?’ असं विचारलं. शेत मोजायचं, त्याचे भाग पाडायचे, ठिकठिकाणी मातीचा रंग आणि खोली बघायची, खडक किंवा उतार असे दोष टिपायचे आणि सोळा आण्यांपासून खाली नऊ प्रतींत जमीन बसवायची. त्यावरून आकार ठरवायचा आणि तो ३० वर्षं बदलायचा नाही.

याचं खरं सौंदर्य तपासणीत आहे. मातीची खोली उद्या दुसरा माणूस येऊन पुन्हा मोजू शकतो. ती कोणी खाऊन संपवत नाही आणि लपवूनही ठेवत नाही. त्यामुळे वरचा अधिकारी काही शेतं निवडायचा, तिथे पुन्हा मोजमाप करायचा आणि कारकुनाचा आकडा ताडून बघायचा. सगळी शेतं तपासायची गरज नाही. कोणतं तपासलं जाईल हे कारकुनाला माहीत नाही, एवढ्याने काम भागतं. नमुना तपासणीचं हे तत्त्व आजही जगभरचे कर अधिकारी वापरतात.

ही मुंबई इलाख्याची पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडात आली आणि इथल्या गावांचीही मोजणी, प्रतवारी झाली. सात-बारावर ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांत एक छोटा आकडा दिसतो ना, तो याच वंशातला. आपल्याकडे बरेच जण त्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण कर विभाग एखाद्याचं खरं उत्पन्न शोधू शकत नाही तेव्हा काय करतो, त्याचा तो पुरावा आहे. छोट्या व्यावसायिकांना उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची जी मुभा आयकर कायद्यात आहे, तीही याच बुद्धीची आहे. शोधता येत नसेल तर गृहीत धरा.

पण व्यापाऱ्याची माती कशी मोजणार? सावकार, दलाल, वकील, नोकरदार यांच्या उत्पन्नाला ना खोली ना रंग. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली आणि जेम्स विल्सन या अर्थसदस्याने १८६० साली हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के आणि त्यावर ४ टक्के. त्यात शेतीचं उत्पन्नही होतं. लोकांनी आपापलं उत्पन्न लिहून द्यायचं होतं, पण ते ताडून बघायला सरकारकडे फारसं काहीच नव्हतं. प्रिंगलचाच पेच पुन्हा. १८६५ साली हा कर गेला, मग वेगवेगळ्या नावांनी आला आणि गेला. अखेर १८८६ चा आयकर कायदा आला आणि टिकला. या कायद्याने शेतीचं उत्पन्न बाहेर ठेवलं. शेतकरी जमीनमहसूल भरतोच, मग पुन्हा आयकर कशाला, हा विचार त्यामागे होता.

आता योगायोग बघा. त्याच १८८६ साली कारंज्यात एक गोष्ट घडली, जी शेती अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘देशातला पहिला नियंत्रित बाजार’ म्हणून सापडते. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता आणि त्याच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वेळेवर आणि वाजवी भावात हवा होता, हे त्यामागचं कारण. शेतकऱ्याच्या कल्याणाचा विचार त्यात दुय्यमच. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापारी यांना परवाने आले. १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही नियंत्रित बाजारांची शिफारस करताना वऱ्हाडचा दाखला घेतला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा.

म्हणजे काय झालं, तर धनजसारख्या गावातून निघालेली कापसाची गाडी बाजारात पोचली की तिचं वजन, भाव आणि देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं कागदावर चढू लागली, आणि तो कागद ना शेतकऱ्याच्या हातचा ना एकट्या खरेदीदाराच्या. ज्याच्यावर आयकर नाही, त्याच्या विक्रीचा दुसरा कागद १८८६ पासून तयार होतो आहे! पुढे १९७२ साली राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, आणि २०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी ठेवली. शेतकऱ्याची विक्री दर वेळी आणखी उजेडात येत गेली.

हा कागद शेतकऱ्यावर कर बसवायला नाही, तर त्याच्याकडून कापूस घेणाऱ्याला तपासायला उपयोगी पडतो. हिशेब करू. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. जिनिंगवाल्याच्या वहीत ५,००० क्विंटल खरेदी आणि फक्त ७०० गाठी असतील, तर उरलेल्या ३०० गाठी गेल्या कुठे? विजेचं बिल काय म्हणतं? सरकी किती विकली? कच्चा माल, वीज आणि पक्का माल यांचं प्रमाण लावून बघणं ही कर अधिकाऱ्यांची जुनी रीत आहे. नुसतं विजेचं बिल चोरी सिद्ध करत नाही, पण प्रश्न विचारायला पुरेसं असतं. माणूस खोटं लिहू शकतो, रुई आणि सरकी आपलं प्रमाण सोडत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हीच युक्ती देशाच्या पातळीवर मांडली ती केंब्रिजच्या निकोलस काल्डोर यांनी. १९५६ च्या सुरुवातीला ते भारतात आले, तेव्हा अर्थमंत्री होते आपले सी. डी. देशमुख. काल्डोर यांचं म्हणणं असं: उत्पन्न, भांडवली नफा, संपत्ती, खर्च आणि देणग्या या पाचांवर कर लावा आणि सगळ्यांची माहिती एकाच विवरणात घ्या. मग एक आकडा लपवला की दुसरा बोंब मारेल. उत्पन्न कमी दाखवलंत, पण वर्षाअखेर संपत्ती वाढली? कशातून? संपत्ती वाढली नाही म्हणता, मग खर्च केलात? कोणावर? एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, त्यामुळे त्याच्या विवरणातही ती दिसायला हवी. आपोआप ताळा होणारी करव्यवस्था! इंजिनिअरच्या मनाला हे वाचून गुदगुल्या होतात.

प्रत्यक्षात १९५७ साली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संपत्ती कर आणि खर्च कर आणले, १९५८ साली देणगी कर आला. खर्च कर १९६२ मध्ये गेला, १९६४ मध्ये परत आला, १९६६ मध्ये कायमचा गेला. देणगी कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये संपला. काल्डोर यांचं डिझाईन बरोबर होतं, पण ते चालवायला हार्डवेअर नव्हतं. जुळवायचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या वेगवेगळ्या कपाटांत, आणि एकाच माणसाचं नाव प्रत्येक कागदावर वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं. ‘देशमुख रा. ग.’ आणि ‘रामराव गणपतराव’ हे एकच की दोन, हे कपाटाला कसं कळणार?

डेटाबेसवाल्यांना दुखणं कळलं असेल. प्रायमरी की नव्हती. पॅन १९७२ साली ऐच्छिक म्हणून आलं, १९७६ मध्ये सक्तीचं झालं आणि आजची दहा अक्षरांची रचना १९९५ च्या सुमारास आली. शेवटचं अक्षर आधीच्या नऊ अक्षरांवरून ठरतं, म्हणजे नंबर टाइप करताना चूक झाली तर बहुतेक वेळा तिथेच पकडली जावी. तिथेही ताळाच :)

की मिळाल्यावर मग दुसरे कागद गोळा करायला सुरुवात झाली. २००४ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयआर, सुरू झालं. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख भरली, क्रेडिट कार्डाची २ लाखांची बिलं भरली, ३० लाखांची मालमत्ता घेतली, तर बँक किंवा निबंधक खात्याला कळवणार. २००९ च्या सुमारास बंगळूरला केंद्रीय प्रक्रिया केंद्र आलं आणि बेरजेच्या चुका, न जुळणारा टीडीएस हे माणसाशिवाय पकडलं जाऊ लागलं. तपासणीसाठी कोणाची निवड करायची, तेही संगणक ठरवू लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस आलं आणि व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार करदात्याला स्वतःलाच एका जागी दिसू लागले.

मालमत्ता आहे पण तिचा उगम सांगता येत नाही, तर ती रक्कम उत्पन्न धरायची, ही तरतूद १९६१ च्या कायद्यात कलम ६८, ६९ मध्ये होती. नवा कायदा २०२५ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. कलमांचे आकडे बदलले, विचार तोच. अमेरिकेत १९३१ साली अल कपोनला शिक्षा झाली ती याच वाटेने. गुन्ह्यांचे साक्षीदार मिळेनात, पण खर्च आणि विवरण यांचा ताळा लागेना.

दुसरा कागद किती फरक पाडतो याचा अंदाज अमेरिकेच्या आयआरएसने काढलेला आहे. जिथे मालक पगार कळवतो आणि कर कापूनही घेतो, तिथे चुकीचं दाखवलेलं उत्पन्न सुमारे १ टक्का. जिथे तिसरं कोणी जवळपास काहीच कळवत नाही, तिथे ५५ टक्के. पगारदार माणसं व्यापाऱ्यांपेक्षा पंचावन्नपट प्रामाणिक असतात का? मुळीच नाही. आपल्याबद्दल लिहिणारा दुसरा हात आहे, त्यांच्याबद्दल लिहिणारा नाही, एवढाच फरक. कॅन्टीनमधल्या ‘आम्हीच काय ते प्रामाणिक’ या सुराला एवढं उत्तर पुरे.

आणि आता पुन्हा शेतीकडे. राज्यघटनेनुसार शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा, केंद्राचा आयकर त्याला लागू नाही. त्यामुळे रिटर्नमधला ‘शेती उत्पन्न’ हा रकाना म्हणजे एक असं दार झालं, जिथे कर नाही आणि कोणी कळवणाराही नाही. दुसरीकडून आलेला पैसा या रकान्यात लिहिला की धुऊन स्वच्छ. २०१६ साली पाटणा उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेच्या निमित्ताने माहिती अधिकारातले आकडे चर्चेत आले. २०११ साली सुमारे साडेसहा लाख करदात्यांनी दाखवलेलं शेती उत्पन्न जवळपास २,००० लाख कोटी रुपये निघालं, म्हणजे देशाच्या जीडीपीच्या वीसपटींहून जास्त! उघडच यात टायपिंगच्या चुकाही असणार. प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना कळवलं, की १ कोटीहून जास्त शेती उत्पन्न दाखवणारी प्रकरणं तपासा आणि आकडा भरताना चूक झाली आहे का तेही बघा. माझ्या मते यातली खरी बातमी वेगळीच आहे. जीडीपीच्या वीसपट आकडा सिस्टीममध्ये शिरला आणि वर्षानुवर्षं कोणाच्या डोळ्यात खुपला नाही, कारण त्या रकान्यासमोर जुळवायला काहीच नव्हतं. २०१९ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी ६,७७८ प्रकरणं तपासली, त्यात सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत शेती उत्पन्नाचा दावा पुरेशी कागदपत्रं न बघताच मान्य झालेला आढळला.

आता हा ताळा धनजच्या शेतकऱ्याला लावून बघा. पाच एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल कापूस धरा, म्हणजे ३० क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. एकूण झाले २,४३,३०० रुपये, आणि यातून अजून बियाणं, खत, फवारणी, वेचणी जायची आहे. हा माणूस आयकराच्या उंबरठ्याच्या आसपासही नाही. उलट कोणी त्याच पाच एकरांवर ५० लाख शेती उत्पन्न दाखवलं तर एकरी १२३ क्विंटल कापूस झाला पाहिजे. तेवढा कापूस जगात कुठे होत नाही. सात-बारावरचं क्षेत्र, पिकाची नोंद आणि बाजाराची काटापट्टी हे तीन कागद शेजारी ठेवले की पाच मिनिटांत निकाल. हे तिन्ही कागद आता संगणकावर येत चाललेत. ई-पीक पाहणी तर २०२१ पासून राज्यभर आहे. सवलत काढून घ्यायची गरज नाही, नुसतं जुळवायची गरज आहे. कोणी ‘शेतकरी कर भरत नाहीत’ म्हणालं की मला धनज आठवतं. ज्याची विक्री सगळ्यात आधी कागदावर आली, त्याच्या नावाआड ज्याची कधी आलीच नाही तो लपलेला असतो.

पण दुसऱ्या कागदाची भक्तीही नको. तोही माणसंच लिहितात. कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि जमिनीचे पैसे लोकांच्या खात्यांत आले. शहराच्या हद्दीपासून दूर असलेली शेतजमीन आयकर कायद्याच्या व्याख्येत भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे त्या विक्रीवर कर लागत नाही. पण यंत्राला खात्यातली मोठी रक्कम दिसते, तिच्यामागची माती दिसत नाही. असंच हमीभावाच्या खरेदीत. व्यापाऱ्याचा कापूस शेतकऱ्याच्या सात-बारावर खपवल्याच्या तक्रारी विदर्भात नव्या नाहीत. तिथे कागद म्हणतो विक्रेता शेतकरी, आणि कापूस मुळात त्याचा नसतोच. सीएकडे जाऊ शकणारा माणूस नोटिशीला उत्तर देतो. ज्याला नोटिशीची भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी न जुळलेला ताळा म्हणजे पुन्हा प्रिंगलचा कारकून.

म्हणून या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक छोटा बदल. जुन्या काळी देशपांड्याच्या दफ्तरात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते रयतेला वाचायला मिळत नसे, आणि मोडीत लिहिलेलं मिळालं तरी वाचता येत नसे. एआयएसमध्ये दुसरा कागद आधी आपल्याला दिसतो आणि ‘ही नोंद माझी नाही’, ‘ही दोनदा आली आहे’ असं तिथल्या तिथे कळवताही येतं. सरकारने आपला ताळा करावा, जरूर करावा. पण सरकारच्या कागदाचा ताळा आपल्यालाही करता आला पाहिजे, आणि तो धनजमध्ये बसून, मराठीत, करता आला पाहिजे. ते शेवटचं काम अजून राहिलंय.

असो. रिटर्न भरायला बसाल तेव्हा आधी एआयएस उघडा आणि आपल्या पासबुकाशी एकदा लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. घरी आई-बाबांची एखादी एफडी असेल तर त्यांचंही बघून द्या.